मकरपुऱ्यातला ॲक्रिलिकवाला आणि टॅरंटुलाचा डबा

मकरपुरा जीआयडीसी ह्या औद्योगिक वसाहतीच्या आतल्या गल्लीत एक लेझर कटिंगवाला आहे. ट्रॉफ्या, नेमप्लेटा, देवळातल्या दानपेट्या, दवाखान्यांच्या पाट्या हा त्याचा धंदा. वडोदऱ्यात टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, पाळणारे आम्ही मोजकेच, पण त्यातले बहुतेक आता डब्यासाठी त्याच्याकडेच जातो. दुकानाचं नाव लिहायला त्याची स्वतःचीच ना आहे. "बेन, नाम ना लखता. ट्रॉफीवाळा घराक बी जशे." (नाव लिहू नका, ट्रॉफीचं गिऱ्हाईकही जाईल.)

माझ्याकडे कर्ली हेअर जातीची मादी आहे, शास्त्रीय नाव ट्लिल्टोकॅटल अल्बोपिलोसस. मूळची होंडुरास, निकाराग्वा, कोस्टा रिका भागातली. पाय पसरले की माझ्या तळहाताच्या बाहेर जाते, स्वभावाने शांत, दिवसभर बिळाच्या तोंडाशी बसून असते. सासूबाई तिला 'तुझी कोळीण' म्हणतात आणि झुरळं संपली की आठवणही त्याच करून देतात. (तिच्या खाण्याची डुबिया झुरळं, मोरीतली नव्हेत. मोरीतल्यांवर औषध मारलेलं असू शकतं.)

तयार डबे मिळतात, पण ते सरडे नाहीतर मासे डोळ्यांसमोर ठेवून केलेले. मासे-पोपटांच्या एका दुकानाने मला वर जाळीचं झाकण असलेली उंच काचपेटी दाखवली. जमिनीवर राहणाऱ्या टॅरंटुलाला ह्या दोन्ही गोष्टी धोक्याच्या. जाळीत नखं अडकून पाय तुटतो. आणि उंचावरून पडली तर पोट फुटतं, मग वाचणं कठीण. म्हणून मातीपासून झाकणापर्यंतचं अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नको. मी माप दिलं ३०० बाय २०० बाय २५० मिलीमीटर. त्यात १०० मिलीमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), म्हणजे वर १५० उरतात.

ह्या माणसाचं कौतुक इथे सुरू होतं. त्याने "का?" असं विचारलं. ट्रॉफी करणारा माणूस उंची २५०च का, भोकं समोरासमोर पण वेगवेगळ्या उंचीवर का, हे समजून घेतो आणि मग संगणकावर रेषा मारतो. भोकं एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर असली की हवा आरपार फिरते. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे नसेल तर आठवड्यात कोकोपीटवर पांढरी बुरशी दिसते. भोकं ३ मिलीमीटरची पाडली, आणि लेझरने कापल्यामुळे कडा गुळगुळीत आल्या. ड्रिलने पाडलेल्या भोकांना कूस राहते, ती नंतर कानशीने घासत बसावं लागतं.

भिंती ५ मिलीमीटरच्या आहेत. सांधे क्लोरोफॉर्मने चिकटवतो, सिरिंजने कडेला सोडतो आणि दोन्ही तुकडे एकजीव होतात. सांध्यात एक बुडबुडा नाही. वास मात्र राहतो, तेव्हा डबा आणल्यावर किमान आठवडाभर उघडा ठेवा, मग माती भरा. दार पुढून उघडणारं, मॅग्नेटचं. काही लोकांना वरचं झाकणच बरं वाटतं, पुढून दार उघडलं की ती धावत बाहेर येईल म्हणून. माझं मत उलट आहे. वरून येणारा हात तिला शत्रूच वाटतो, आणि मग ती मागच्या पायांनी पोटावरचे खाजरे केस उडवते. एकदा मनगटावर बसले की दोन दिवस खाज जात नाही. पुढून चिमटा सरकवला तर ती बिळात जाते, विषय संपला.

आता पार्टिशन. ह्या डब्याची खरी किंमत तिथे वसूल झाली. मी त्याला मधोमध खाचा ठेवायला सांगितल्या होत्या, ज्यात भोकांची एक पट्टी वरून सरकवता येईल. जोड लावायचा होता, नर एका ओळखीच्या पाळणाऱ्याचा. नर वयात आला की पुढच्या पायांवर आकडे (हुक) येतात, मग त्याचं आयुष्य थोडंच उरतं. मादी मात्र वीस-वीस वर्षं जगते. नर पट्टीच्या पलीकडे ठेवला. तो तिच्या जाळ्याच्या धाग्यांना हात लावायचा आणि जमिनीवर टकटक करायचा. मादीनेही परत टकटक केली, ती मला डब्याच्या भिंतीला बोट लावल्यावर जाणवली. मग पट्टी उचलली. त्याने आकड्यांत तिचे विषदंत अडकवून तिला वर उचललं, काम झालं आणि पळाला. पळायला जागा होती म्हणून वाचला. आखूड डबा असता तर तिने त्याला खाल्लंच असतं. मादीने नुकतीच कात टाकलेली असावी, हेही बघून ठेवा; जोड लागल्यावर ती परत कात टाकेल तर साठवलेलं बीज कातीबरोबरच जातं.

काही महिन्यांनी अंड्यांची पिशवी आली. इथे ३ मिलीमीटरची भोकं चालत नाहीत, कारण पिल्लं सरळ बाहेर चालत येतील. पिशवी साधारण महिनाभराने काढून वेगळी ठेवतात, आणि पिल्लांना त्याच दुकानातून वाया गेलेल्या तुकड्यांचे ५० मिलीमीटरचे चौकोनी डबे करून घेतले, भोकं सुईएवढी. एकेक ६० रुपये. एवढ्या कामाला तो तयार झाला हेच खूप, कारण ट्रॉफीच्या सीझनमध्ये तो फोनही उचलत नाही.

तक्रार. दुसऱ्या डब्याला त्याने ५ ऐवजी ३ मिलीमीटरचं छत लावलं, शीट संपली होती म्हणे, आणि न सांगता लावलं. पावसाळ्यात आतली ओल एका बाजूने शोषून ते छत धनुष्यासारखं वाकलं, कडेला फट पडली. टॅरंटुला पुढच्या भागावरच्या कडक कवचाच्या रुंदीएवढ्या फटीतून निघते, पोट दबतं पण कवच दबत नाही. दाखवल्यावर त्याने खालून पट्ट्या मारून दिल्या, पैसे घेतले नाहीत. तरी जाडी स्वतः मोजून घ्या. आणि डबा कधी स्पिरिटने किंवा काच पुसायच्या औषधाने पुसू नका, ॲक्रिलिकला बारीक तडे जातात. ओलं फडकं पुरे.

त्याच्या भाच्याने मोबाईलवर निळी टॅरंटुला दाखवून "आवी लावो ने" (अशी आणा ना) असा हट्ट धरला. ती आपल्या आंध्रातली गुटीची, पोएसिलोथेरिया मेटॅलिका. १८९९ मध्ये गुटीच्या रेल्वेच्या लाकूडवखारीत सापडलेल्या एका नमुन्यावरून तिची नोंद झाली आणि नंतर थेट २००१ मध्ये जंगलात दिसली. अतिसंकटग्रस्त आहे. सगळा पोएसिलोथेरिया गट २०१९ पासून सायटिस ह्या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव कायद्यातही अशा प्राण्यांची नोंद करावी लागते. पाळलेल्यांना पिल्लं झाली किंवा हस्तांतर केलं तरी कळवायला लागतं, सरकारच्या परिवेश पोर्टलवर. नराची देवाणघेवाणही त्यात आली. जंगलातून पकडून आणलेली कुणी देत असेल तर घेऊ नका, कितीही निळी असो.

मोठा डबा पार्टिशनसकट १,४५० रुपयांना पडला, निम्मे आगाऊ. मापं मिलीमीटरमध्येच कागदावर लिहून द्या, इंचात बोललात तर तो सुतांचा (इंचाच्या आठव्या भागांचा) हिशोब काढतो आणि दार घट्ट बसतं. दुपारी एक ते तीन जाऊ नका, शटर अर्धं खाली असतं आणि आतला पोऱ्या मापं घेत नाही.