दोनदा जेवायचं की दर दोन तासांनी? उतरलेलं वजन टिकवायचंय त्यांच्यासाठी

दीक्षित की दिवेकर हा वाद 2018 च्या आसपास आपल्याकडे लग्नाच्या पंगतीपासून फॅमिली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपर्यंत सगळीकडे घालून झालाय, त्यामुळे नियम पहिल्यापासून सांगत बसत नाही. एकीकडे दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा, 55 मिनिटांच्या आत जेवण उरकायचं आणि मधे तोंड बंद. दुसरीकडे दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं, घरचं, त्या त्या मोसमातलं, तूप-भात-केळं न घाबरता खायचं. पहिल्याची मूळ कल्पना नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांची (तेच, ढीगभर पदव्यावाले), ती गावोगाव पोचवली डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी. दुसरी बाजू ऋजुता दिवेकरांमुळे घराघरात गेली. मी दोन्ही केलंय, बायको अजून दुसरीच पद्धत करते, म्हणजे आमच्या घरात हा वाद रोज एकाच टेबलावर जेवायला बसतो.

आधी एक सांगतो, सुरुवातीचं वजन दोन्हीत उतरतं. उतरणारच ना, कारण दोन्हीत पहिल्याच दिवशी बंद होतं ते तेच, चहाबरोबरची बिस्किटं, ऑफिसमधल्या कोणाच्या तरी वाढदिवसाचे समोसे, आणि रात्री टीव्हीसमोर फरसाणाचा डबा. त्यामुळे 'मी अमुक केलं आणि दोन महिन्यांत इतके किलो गेले' असं कोणी सांगितलं की मी मान डोलावतो आणि सोडून देतो. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. अमेरिकेतल्या 'द बिगेस्ट लूजर' या वजन उतरवायच्या टीव्ही स्पर्धेतल्या 14 जणांना सहा वर्षांनी परत तपासलं होतं, तो अभ्यास 2016 ला आला. सरासरी 58 किलो उतरवले होते त्यातले 41 परत आले होते, आणि शरीर बसल्या जागी जितकं जाळायला हवं त्यापेक्षा रोज 500 कॅलरी कमीच जाळत होतं. ऑस्ट्रेलियातही 2011 ला असंच दिसलं, वजन उतरून वर्ष झालं तरी भूक वाढवणारे हार्मोन काही पूर्वीच्या पातळीवर आलेले नव्हते. म्हणजे आपण आळशी आहोत म्हणूनच वजन परत येतं असं नाहीये, शरीर अक्षरशः मागे लागलेलं असतं. म्हणून मी पद्धत निवडताना एकच बघतो, की आपला सगळ्यात वाईट दिवस जातो तेव्हा ती पाळता येते का.

दर दोन तासांची पद्धत मला मनापासून आवडली होती हो. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी केळं नाहीतर भिजवलेले बदाम, मग पोहे-उपमा, मधे एखादं फळ, दुपारी नीट वरण-भात-पोळी-भाजी, तुपासकट. ओट्स-बिट्स विकत आणायला नको, आईला समजावून सांगायला नको, उलट ती खूश. डोकं शांत राहतं, चिडचिड नाही. बायकोला अ‍ॅसिडिटीचा त्रास आहे, तिला रिकामं पोट ठेवून चालतच नाही, आणि ती घरून काम करते म्हणजे स्वयंपाकघर चार पावलांवर. तिचं वजन हळू उतरलं पण उतरलं, आणि बऱ्यापैकी टिकलंय.

माझं घोडं अडलं ते संध्याकाळच्या खाण्यावर. या पद्धतीत चार ते सहाच्या मधलं खाणं फार महत्त्वाचं, तेच चुकलं की रात्री माणूस ताटावर तुटून पडतो. आता माझा दिवस बघा. सहाच्या पुढे ऑफिसमधून निघून सीएसएमटीला फास्ट पकडायची, डोंबिवलीपर्यंत तासाच्या वर, आणि घाटकोपर-ठाण्याच्या मधे हात वर करायला जागा नाही तिथे डबी कुठे उघडणार. पाचला खाल्लं तर डोंबिवलीला उतरेपर्यंत परत भूक आणि स्टेशनबाहेर वडापावचा घाणा चालू. सहाला खायचं तर नेमकी तेव्हा मीटिंग. बरं खायचं किती, तर मूठभर शेंगदाणे. मूठ बंद की उघडी? माझी मूठ मीटिंगनंतर वेगळी असते आणि सुट्टीच्या दिवशी वेगळी. रात्री चार छोट्या डब्या भरून ठेवायच्या, एकीचं झाकण कधीच सापडत नाही, बॅगेत केळं दबून वहीला चिकटतं. हे सगळं सहन केलं असतं, पण दिवसभर डोक्यात 'आता काय, किती, कुठे' हेच चालू राहायचं आणि मी असा माणूस आहे की एकदा खायला सुरुवात केली की थांबणं जड जातं, न सुरू करणं त्या मानाने सोपं. चार डब्या म्हणजे रोज चार वेळा थांबायचं. यात पद्धतीचा काही दोष नाही, माझ्या वेळापत्रकाचा आणि स्वभावाचा आहे, पण शेवटी जेवायचं मलाच आहे ना.

दोनदा जेवायचं म्हटलं तर पहिले काही दिवस खरंच वाईट जातात, अकराच्या सुमाराला डोकं धरतं, लोकांचा डबा उघडला की वास आधी आपल्याला येतो. मग बसतं. माझं साडेबाराला ऑफिसचा डबा आणि साडेआठला घरी. मधे पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा. लोकलमध्ये खायचा प्रश्नच मिटला, वडापावच्या गाडीवरही विचार करायचं काही उरत नाही, आत्ता जेवायची वेळ नाही, संपलं.

याचे त्रास नाहीत असं नाही. दोनच जेवणं म्हणून लोक ताटात काहीही चालतं असं समजतात आणि श्रीखंड-पुरीवर आडवा हात मारतात. शाकाहारी माणसाला दोन जेवणांत पुरेसं प्रोटीन बसवायचं म्हणजे उसळ, डाळ, दही, पनीर मुद्दाम वाढून घ्यावं लागतं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. चालणं सोडून चालत नाही, 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर हे दीक्षितांचंच माप आहे आणि ते मला रोज जमतं असं मी म्हणणार नाही. नातेवाईकांकडे 'एवढंसं घे रे' म्हणणाऱ्या मामीला नाही म्हणणं तर आहेच, मी ताक मागतो, काहीतरी घेतलं याचं तिला समाधान. आणि ज्यांना इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडूच नये, जेवणं कमी केली आणि गोळी तीच ठेवली तर शुगर धाडकन खाली येऊ शकते. गरोदर बायका आणि 18 च्या आतली मुलं यांच्यासाठी हे नाहीच.

प्राग शहरातल्या 2014 च्या अभ्यासाचा दाखला दोनदावाले देतात, टाइप 2 डायबेटिसचे 54 पेशंट, कॅलरी सारख्याच, आणि सहा वेळांपेक्षा दोन वेळांत वजन जास्त उतरलं. खरं आहे, पण त्यांची दोन जेवणं म्हणजे सकाळचा नाश्ता आणि दुपारचं जेवण होतं, माझं रात्री साडेआठचं जेवण त्यात बसत नाही, त्यामुळे त्या जोरावर मी भांडत नाही.

मला वाटतं ते वेगळंच कारण आहे. गणपती, दिवाळी, लग्नसराई यात नियम मोडतोच, दोन्ही पद्धतींत मोडतो. दोनदाच जेवत असाल तर मोडल्याचं तिथल्या तिथे कळतं, चार वाजता लाडू खाल्ला म्हणजे खाल्ला, त्यात पळवाट नाही, दुसऱ्या दिवशी साडेबाराला परत गाडी रुळावर. थोडं थोडं खाण्यात मोडलंय हे कळायलाच मला पंधरवडा लागायचा, कारण प्रत्येक खाणं तसं बघितलं तर नियमातच असायचं, फक्त जरा मोठं. एकादशी दुप्पट खाशी हे तर दर दोन तासांच्या हिशोबात साबुदाण्याने फारच सहज जमतं.

मोजायचं असेल तर काट्यापेक्षा कंबर मोजा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र डॉ. युडकिन यांचा 2004 साली लॅन्सेटमध्ये आलेला फोटो प्रसिद्धच आहे, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) 22.3, पण चरबी आपल्या डॉक्टरांची 21.2 टक्के आणि त्यांची 9.1. कंबरेसाठी आपल्याकडे पुरुषांना 90 सेंटीमीटर आणि बायकांना 80 ही वरची रेघ धरतात. माझा पट्टा दोन भोकं आत आला आणि तिथेच राहिलाय, काटा मात्र मूडप्रमाणे बोलतो.

तर घरून काम असेल, अ‍ॅसिडिटी असेल, किंवा अर्ध्यावर थांबणं ज्याला सहज जमतं असा तुमचा स्वभाव असेल तर दिवेकरांची वाट धरा, बायकोकडे बघून मी हे अगदी मनापासून सांगतोय. फिरतीची नोकरी, लांबचा प्रवास, साइटवरची कामं असतील तर मी म्हणेन आधी तीन महिने दोनदा जेवून बघा. आणि सुरुवातीला चहात साखर अर्धी करण्याच्या भानगडीत पडू नका, एकदम बंद करा, अर्ध्या साखरेचा चहा लागतो वाईट आणि मोजला जातो पूर्ण.