हुक की बायोनिक हात?

हात गमावलेल्या माणसाने कृत्रिम हात म्हणून साधा हुक लावावा की बायोनिक, म्हणजे मोटरवर चालणारा हात? दिसायला बायोनिक हात बाजी मारतो, यात वाद नाही. 2007 साली स्कॉटलंडच्या टच बायोनिक्सने आणलेल्या ‘आय-लिंब’मध्ये पाचही बोटांना स्वतंत्र मोटर होती. उरलेल्या हाताचा स्नायू आवळला की त्वचेवर अतिसूक्ष्म विद्युतदाब उमटतो. सॉकेटमधले, म्हणजे उरलेल्या हातावर चढवायच्या खोळीतले, इलेक्ट्रोड तो टिपतात आणि मोटर फिरते. एक स्नायू मूठ मिटायला, दुसरा उघडायला. पण घाम आला किंवा सॉकेट जरा सरकलं, की सगळा घोळ. शिवाय चार्जिंग आलंच.

दुसरीकडे डेव्हिड डॉरन्सचा दुभंगी, म्हणजे चिमट्यासारखा उघडमीट होणारा हुक. सॉ मिलमधल्या अपघातात हात गमावलेल्या या अमेरिकन गृहस्थाने 1912 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. खांदा पुढे ढकलला की खांद्यावरच्या पट्ट्याला जोडलेली केबल ताणली जाते, हुक उघडतो; खांदा सैल सोडला की रबरी कड्या तो मिटवतात. बस्स, एवढंच! केबलचा ताण खांद्याला जाणवतो, म्हणून हुक किती उघडलाय हे न बघताही कळतं. हे साधं सुख बहुतेक महागड्या बायोनिक हातांत नाही.

चिखलात, ग्रीसमध्ये हात घालायचा असेल तर मी हुकच म्हणेन. काचेचा गोल पेला उचलायचा, तर मात्र पाच बोटांना तोड नाही.