लोअर गाडीला बारीकच टायर लागतो म्हणाला, आणि सात वर्षं जुना माल गळ्यात मारला

एप्रिल २०२४ मधली गोष्ट आहे. धुळे-जळगावकडची बरीच पोरं हल्ली लोअर केलेल्या, म्हणजे जमिनीलगत खाली बसवलेल्या सेकंड हँड गाड्या घेतात. त्यांनी टायर-रिमच्या दुकानात पाय ठेवायच्या आधी हे वाचावं, म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितोय. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार अजून चालू आहे.

माझी स्विफ्ट २०१४ ची. घेतली तेव्हाच स्प्रिंग बदलून साधारण ४० मिलिमीटर खाली बसवलेली होती. चारही टायर झिजून खाचेतल्या झीज दाखवणाऱ्या खुणेला टेकले होते, म्हणून मी अमळनेरहून धुळ्याला गेलो. मला मूळ मापाचेच टायर हवे होते, १८५/६५ आर १५. यात १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे टायरच्या कुशीची (बाजूची) उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १५ म्हणजे रिम किती इंचांचा. दुकानदाराने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "लोअर गाडीला एवढा जाड टायर चालत नाही भाऊ, मडगार्डला घासेल. सतराचे रिम अन् चाळीसचा टायर टाक." मी रोजच्या रस्त्यांचं विचारलं तर हसून म्हणाला, "काहीच व्हस नही." एकूण ५२ हजार ठरले. माझे मूळ रिम त्याने सहा हजारांत वळते करून घेतले. दहा हजार मी फोनवरून पाठवले आणि बाकीचे रोख दिले. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं केलं तर जीएसटी वाढेल." साध्या कागदावर आकडा लिहून दिला. मी तो खिशात टाकला आणि घरी आलो.

त्याचं बोलणं खरं वाटण्यासारखंच होतं. खाली बसवलेल्या गाडीत चाक आणि मडगार्ड यांच्यातली जागा कमी होते, हे खरंच आहे. पण घासायचं की नाही हे चाकाची एकूण उंची, टायरची रुंदी आणि रिम आत-बाहेर किती बसतो यावर ठरतं. टायर नुसता बारीक केल्याने ते ठरत नाही. उंचीचा हिशेब शाळेतल्या पोरालाही जमेल. १८५ चे ६५ टक्के म्हणजे १२०.२५, त्याची दुप्पट २४०.५, आणि त्यात १५ इंचांचे ३८१ मिळवले की ६२१.५ मिलिमीटर. ही कंपनीने दिलेली उंची. मला बसवलेला १९५/४० आर १७ याच हिशेबाने ५८७.८ येतो. म्हणजे चाक जवळजवळ ३४ मिलिमीटरने लहान झालं आणि गाडी आणखी १७ मिलिमीटर खाली गेली. कंपनीची जमिनीपासूनची उंची १७०, स्प्रिंगने नेले ४०, टायरने नेले १७, उरले ११३. आमच्याकडच्या गावांमधले स्पीडब्रेकर ज्यांनी पाहिलेत त्यांना याचा अर्थ कळेल. पहिल्याच आठवड्यात खालचं पत्र्याचं कव्हर दोनदा खरवडलं.

वेगाचा काटाही जास्त खोटं बोलू लागला. आधी काट्यावर १०० असताना फोनवर खरा वेग ९६ दिसायचा, आता ९१. मीटरवर किलोमीटरही खऱ्यापेक्षा जास्त पडू लागले. मी मात्र गाडी आता कमी तेल खाते म्हणून खूश होतो.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहिणीला आणायला भुसावळला गेलो. येताना गाडीत ती, तिची दोन मुलं, आई, मागे पापड-कुरडयांचे डबे आणि दादर ज्वारीचं एक पोतं होतं. पारा ४३ च्या पुढे होता. ऐंशीच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरायचं, ते तर पहिल्या दिवसापासूनच. त्या दिवशी प्रत्येक गचक्याला मागून खर्र असा आवाज यायला लागला. धरणगावच्या अलीकडे एका खड्ड्यात डावं पुढचं चाक आदळलं. उतरून पाहिलं तर टायरच्या कुशीला लिंबाएवढा फुगा आलेला. बहिणीची मुलं मागे झोपली होती. त्या फुग्याकडे बघून माझे हातपाय गार पडले.

स्टेपनी जुनीच होती, पंधराची. ती लावून हळूहळू धरणगावात एका अलाइनमेंटवाल्याकडे गेलो. ते वयस्कर होते, सगळे त्यांना आप्पा म्हणत होते. त्यांनी फुगलेला टायर रिमवरून उतरवला, आतली बाजू ओल्या फडक्याने पुसली आणि मला जवळ बोलावलं. लंबगोल चौकटीत चार आकडे होते, १८१७. म्हणजे २०१७ सालचा अठरावा आठवडा. मी नवा म्हणून घेतलेला टायर सात वर्षं कुठेतरी पडून होता. ही तारीख बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असते. दुकानदाराने चारही टायर ती बाजू आत करून बसवले होते आणि बाहेरच्या बाजूला काळं पॉलिश मारलं होतं. ग्रिप कोरी होती, पण खाचांच्या तळाशी बारीक भेगा होत्या आणि रबराला नख लागत नव्हतं. चुकून असं चार वेळा होत नाही. त्याला माहीत होतं.

मग आप्पांनी रिम दाखवला. मधलं भोक ७३.१ मिलिमीटर, माझ्या हबचं (रिम ज्यावर बसतो त्या मधल्या भागाचं) माप ५४.१, आणि मध्ये भरायची रिंग टाकलेलीच नव्हती. रिम फक्त नटांच्या जोरावर बसला होता, मधोमध नव्हता. बॅलन्सिंग करूनही थरथर जात नव्हती ती यामुळे. रिमच्या आत ईटी २५ असं कोरलेलं होतं, माझ्या मूळ रिमवर ४५ होतं. हा आकडा जितका कमी तितका रिम बाहेर सरकतो. म्हणजे चाक आधीच २० मिलिमीटर बाहेर आलं होतं आणि गाडी भरली की मडगार्डच्या कडेला कापत होतं. ज्या घासण्याची भीती घालून त्याने माल विकला, ते घासणं त्याच्याच मालाने आणलं.

वजनाचं सांगायचं राहिलं. मापाच्या पुढे जो आकडा असतो तो भाराचा. कंपनीचा ८८ होता, म्हणजे एका टायरवर ५६० किलो. माझ्यावर ८१ होता, म्हणजे ४६२. चारही टायरची बेरीज केली तर गाडी त्यात सहज बसते, असं दुकानदाराने मला नंतर ऐकवलं. पण ब्रेक दाबला की भार पुढच्या दोन चाकांवर येतो, खड्ड्यात एकाच चाकावर येतो. कंपनीने दिलेल्या आकड्याच्या खाली जाऊ नका, कोणी कितीही समजावलं तरी.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो. "माल बघूनच घेतला होता ना?" एवढंच उत्तर. माझे मूळ रिम विकले गेले होते. कागदावर ना दुकानाचा शिक्का होता, ना टायरचा नंबर. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तर दुकानदाराने कळवलं की माल जुना म्हणूनच विकला होता. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज दिलाय. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, आणि दुकान धुळ्यात असलं तरी मी राहतो त्या जळगाव जिल्ह्यात तक्रार करता येते. हातात पुरावा काय, तर फोनवरून पाठवलेल्या दहा हजारांची नोंद आणि आप्पांनी समोर काढायला लावलेले फोटो. तेही सगळे रोख दिले असते तर काहीच नसतं. पक्क्या बिलाचा जीएसटी मला तेव्हा महाग वाटला होता.

आता गाडीला १९५/५५ आर १६ आहेत. उंची ६२०.९, म्हणजे मूळ मापापेक्षा एक मिलिमीटरसुद्धा फरक नाही. रिम ईटी ४५ चे, मध्ये ५४.१ ची रिंग, भाराचा आकडा ८७. तोही ८८ च्या एकाने खाली, पण १६ मध्ये मला त्याहून वरचा मिळाला नाही, म्हणून गाडी पूर्वीइतकी भरत नाही. खरं म्हणजे १५ चेच घ्यायला हवे होते, पण रिम हातचे गेले होते. आप्पांनी अलाइनमेंट केलं तेव्हा टो, म्हणजे चाकं सरळ न राहता आत-बाहेर वळलेली असण्याचं माप, बरंच बिघडलेलं निघालं. गाडी खाली बसवली की ते हलतंच, आणि मग टायर आतल्या कडेने झिजतो, बाहेरून दिसतही नाही. आधीच्या मालकाने कधी तपासलं नसावं. लोअर केलेली गाडी मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये (गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दलचं कलम) अडकू शकते, हेही मला तेव्हाच कळलं. मूळ स्प्रिंग शोधतोय, मिळाल्या की परत बसवणार आहे.

ते चार टायर घरी पडून होते. भंगारवाला तीनशे रुपये नग द्यायला तयार होता. तिघांच्या कुशी मी सुरीने आरपार चिरल्या आणि मगच त्याला दिले, पॉलिश मारून ते पुन्हा कुणाच्या गाडीला लागू नयेत म्हणून. फुगा आलेला चौथा पुरावा म्हणून ठेवलाय, १८१७ ची बाजू वर करून.