फिजिओथेरपी की योग? आधी काय, मग काय

कंबर किंवा गुडघा दुखायला लागला की हा प्रश्न हमखास येतो. फिजिओथेरपिस्ट आधी तपासतात: गुडघा किती अंशांत वाकतो, कोणता स्नायू अशक्त आहे, कळ पायात उतरते का. मग मोजका व्यायाम देतात. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच सेकंद धरायचं, सोडायचं. दिसायला किरकोळ, पण मांडीचा पुढचा स्नायू यानेच जागा होतो. शस्त्रक्रियेनंतर किंवा ताज्या दुखापतीत मी तरी दुसरा विचार करणार नाही.

योगाची ताकद वेगळी. जुनं दुखणं माणसाला धास्तावून टाकतं. वाकताना श्वास आपोआप रोखला जातो. संथ, लांब उच्छ्वासासोबत हालचाल केली की ती भीती हळूहळू ओसरते. २०१७ साली अमेरिकेत जुनाट कंबरदुखीच्या ३२० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात १२ आठवड्यांचा योगवर्ग फिजिओथेरपीपेक्षा कमी ठरला नाही. मात्र तो वर्ग कंबरदुखीसाठीच बेतलेला होता. मणक्यातली गादी सरकलेली असताना ताणून पश्चिमोत्तानासन (पाय पसरून बसून पुढे वाकायचं आसन) केलं तर कळ वाढू शकते.

दोन्ही करायचं असेल तर आपली रोजची आसनं फिजिओथेरपिस्टना करून दाखवा आणि तूर्त कोणती टाळायची ते विचारून घ्या.