दीड वर्ष, चौदा लाल बाटले आणि स्टोअरमधला टेबलकाटा

आमच्या कारखान्यात फायर एक्स्टिंग्विशरला कुणी एक्स्टिंग्विशर म्हणत नाही. ‘लाल बाटला’ म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे, कारण दीड वर्ष त्यांच्याशी रोजचा संबंध आल्यावर ते लांबलचक नाव तोंडात येतच नाही.

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीत आम्ही पुठ्ठ्याचे बॉक्स बनवतो. फेब्रुवारी ते मे आंब्याच्या पेट्या, बाकी वर्षभर मासळी, काजू, जे येईल ते. म्हणजे शेडमध्ये जिकडे बघाल तिकडे कागद: रिळं, शीट, तयार मालाच्या थप्प्या आणि मागच्या बाजूला कात्रणाचा ढीग. मी स्टोअर सांभाळते. गेल्या वर्षी जानेवारीत शेठनी जुने बाटले काढून नवे घ्यायचं ठरवलं आणि ‘तुझ्याकडे रजिस्टरं आहेतच, त्यात हे एक’ म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

घेतलं ते असं: सहा किलोचे एबीसी पावडरवाले नऊ आणि साडेचार किलोचे सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसचे, तीन. सगळे आयएसआय मार्कचे. पुढे दोन पाण्याचे वाढले, त्याची गोष्ट खाली येईल. सीओटू विजेचं मेन पॅनल, कॉम्प्रेसर आणि ऑफिसातल्या सर्व्हरजवळ, एबीसी बाकी सगळीकडे, कँटीनच्या गॅसजवळसुद्धा. इथे एक सांगते, कारण आमच्याच सुपरवायझर काकांशी माझा यावरून वाद झाला होता. बाटल्यावरची अक्षरं आगीचा प्रकार सांगतात: ‘ए’ कागद-लाकडाची, ‘बी’ तेल-पेट्रोलची, आणि आपल्याकडे ‘सी’ म्हणजे गॅसची आग. यूट्यूबवरच्या अमेरिकन व्हिडिओत ‘सी’ म्हणजे विजेची आग असं सांगतात, ती त्यांची वर्गवारी. आपल्याकडे विजेला वेगळं अक्षरच नाही. बाटल्यावर ‘बी’ आणि ‘सी’ लिहिलंय म्हणून तो पॅनलवर चालतो, असं समजू नका. लेबलवर विजेच्या उपकरणाबद्दल काय लिहिलंय ते वेगळं वाचा.

पहिले तीन महिने मी सगळे करतात तेच केलं. महिन्याच्या एक तारखेला फेरी, प्रेशर गेजचा काटा हिरव्यात आहे का, पिन आहे का, सील आहे का, टॅगवर सही. बारा बाटले, दहा मिनिटं. फार सोपं काम वाटलं होतं. टॅगवर सही करताना बाटल्याकडे बघायचीही गरज पडत नाही इतकं सोपं. एप्रिलच्या गडबडीत तर मी स्टोअरमध्ये बसूनच दोन टॅग भरले होते, कबूल करते.

पहिला धक्का सीओटूने दिला. त्याला प्रेशर गेज नसतो, हे मला ठाऊकच नव्हतं. मी तीन महिने टॅगवर ‘प्रेशर ठीक’ लिहीत होते. कशाच्या आधारावर, देव जाणे. सीओटू आत द्रवरूपात असतो. थोडा थोडा गळत गेला तरी शेवटचा थेंब संपेपर्यंत आतला दाब फारसा हलत नाही, म्हणून काटा लावून उपयोगच नाही. त्याची खबर फक्त वजनावरून लागते. आणि आमच्याकडे वजनकाट्यांना तोटा नाही. स्टिचिंगची तार जोखायला तीस किलोचा टेबलकाटा स्टोअरमध्येच आहे. कॉम्प्रेसरजवळचा बाटला त्यावर ठेवला तर लेबलवरच्या भरलेल्या वजनापेक्षा ५२० ग्रॅम कमी. साडेचार किलोत दहा टक्क्यांहून जास्त घट म्हणजे तो भरायला पाठवायचा, हा नियम. सील शाबूत, पिन शाबूत, टॅगवर माझ्या तीन सह्या, आणि गॅस गेलेला.

तेव्हापासून मी काट्यावर विश्वास ठेवते. म्हणजे गेजच्या काट्यावर नाही, टेबलकाट्यावर.

वजन करताना एक घोळ होतो तो सांगते. सीओटूच्या खांद्यावर ठोकलेलं रिकामं वजन असतं आणि लेबलवर भरलेलं. रिकाम्या वजनात व्हॉल्व्ह धरलाय की नाही, हॉर्न (पुढचं कर्ण्यासारखं तोंड) आणि नळी धरलीय की नाही, यावरून पाऊण-एक किलोचा फरक सहज पडतो आणि माणूस उगाच घाबरतो. मी सोपा उपाय केला. नवा किंवा भरून आलेला बाटला आला की हॉर्नसकट, जसा भिंतीवर लटकणार तसाच काट्यावर ठेवायचा आणि तो आकडा रजिस्टरमध्ये लाल शाईने. पुढची सगळी तुलना त्या आकड्याशी.

पावडरच्या बाटल्यांना गेज असतो, त्यांना वजन कशाला, असं मलाही वाटायचं. गेज फक्त आतल्या नायट्रोजनचा दाब दाखवतो. पावडर किती आहे हे त्याला कळत नाही. मागच्या वर्षअखेरीला आम्ही चार बाटले रिफिलिंगला दिले. भरून आले, गेज चौघांचेही मस्त हिरव्यात, नवं स्टिकर, नवं सील. काट्यावर ठेवले तर दोघांत सहाशे-सातशे ग्रॅम पावडर कमी. त्याहून कहर म्हणजे एका बाटल्याच्या बुडावरचा नंबर आमच्या रजिस्टरमध्ये नव्हताच. आमचा चांगला कोरा बाटला कुणाकडे तरी गेला आणि कुणाचा तरी रंग मारलेला जुना आमच्याकडे आला. रिफिलिंगवाल्याचं नाव घेत नाही. फोन केल्यावर ‘पोरांची चूक झाली’ म्हणाला आणि आठ दिवसांनी आमचा बाटला परत दिला. पण मी नंबर लिहून ठेवले नसते तर बोलायला तोंडच नव्हतं. तुम्ही काहीही करू नका, निदान प्रत्येक बाटल्याचा नंबर, साल आणि भरलेलं वजन वहीत लिहून ठेवा. आणि सगळे एकदम पाठवू नका. आम्ही आता तीन-तीन पाठवतो आणि तेवढ्यात उरलेले थोडे इकडेतिकडे सरकवतो.

आता समुद्राबद्दल. कोकणात लोखंडाचं काय होतं ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. पहिल्या पावसाळ्यात मी हौसेने सगळ्या बाटल्यांना प्लास्टिकची कव्हरं शिवून घातली होती. बाहेरून छान दिसत होती. ऑक्टोबरमध्ये काढली तर जनरेटर शेडजवळच्या दोन बाटल्यांची बुडं गंजायला लागलेली. कव्हरात दमटपणा कोंडला, वर फरशी धुताना उडालेलं पाणी, आणि मी कव्हर उचलून कधी खाली पाहिलंच नव्हतं. वरवरचा गंज होता, घासून निघाला. खड्डे पडलेले असते तर ते बाटले बादच करावे लागले असते. पंधरा बारच्या आसपास दाब धरणारं भांडं आहे ते, पिंप नव्हे. आता कव्हरं फक्त उघड्यावरच्या एकाला, तीही खालून मोकळी, आणि महिन्याच्या फेरीत बाटला हुकावरून उतरवून आडवा करून बूड बघते. उतरवल्याशिवाय तपासणी झाली असं मी आता मानत नाही. उतरवताना हात लावला की आणखी एक कळतं: हूक गंजलाय का, बाटला अडकून बसलाय का. आमचा एक असा बसला होता की दोन माणसांनी ओढून निघाला.

कुंभारमाशीचं प्रकरण तर मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं. मागच्या गेटजवळच्या बाटल्याच्या नळीचं तोंड तिने मातीने गच्च लिंपून टाकलं होतं. व्यवस्थित घर. सायकलच्या स्पोकने कोरून काढलं, आत दोन-तीन मेलेले कोळी. ज्या बाटल्याला नळी खाली लटकते आणि क्लिपमध्ये बसवलेली नसते, त्याचं तोंड बघाच. आता फेरीला जाताना खिशात स्पोक असतो.

बाकी माणसांचे त्रास. बाटल्याच्या हँडलला डब्याची पिशवी, रेनकोट, एकदा तर मोबाइल चार्जिंगला. समोर मालाच्या थप्प्या, कारण सीझनला पेटी ठेवायला जागा उरत नाही. जमिनीवर पिवळा चौकोन रंगवला तेव्हा आठ दिवस पाळला, मग चौकोनावरच थप्पी. शेवटी शेठनी स्वतः एकदा ती थप्पी हलवायला लावली, भर दुपारी, गाडी लागलेली असताना. त्यानंतर बरं चाललंय. एका बाटल्याची पिन हलते म्हणून कुणा हुशाराने ती लोखंडी तारेने पिळून बांधून टाकली होती. हेतू चांगला होता. आग लागली असती तर पक्कड शोधत बसावं लागलं असतं. पिनला ते प्लास्टिकचं बारीक सीलच हवं, हाताने हिसकलं की तुटणारं.

आता आगीची गोष्ट. मोठी नव्हती. नोव्हेंबरमध्ये स्लिटरच्या, म्हणजे कागद कापायच्या मशीनच्या, मागे कात्रणाच्या ढिगाला आग लागली, बहुधा बेअरिंग तापून. जवळच्या मुलाने बाटला उचलला, पिन ओढली, नळी बुडाशी धरली आणि दाबला. पंधरा-वीस सेकंदांत बाटला रिकामा. इतकाच वेळ असतो, हे ऐकून माहीत होतं, पण तो किती कमी असतो हे बघितल्यावर कळतं. ज्वाळा लगेच बसल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळीकडे पिवळट धूळ, खोकला. आणि दहा मिनिटांनी त्याच ढिगातून पुन्हा धूर. पावडर ज्वाळेला मारते, पण कागदाच्या पोटात गेलेला निखारा तिच्याने थंड होत नाही. शेवटी काकांनी ढीग दाताळ्याने उपसून बागेच्या पाइपने भिजवला तेव्हा संपलं. त्यानंतर कात्रणाच्या जागी नऊ लिटरचे पाण्याचे दोन बाटले आले. आमच्यासारख्या कागदाच्या कामाला ते आधीच घ्यायला हवे होते. एबीसी सगळ्यावर चालतो म्हणून सगळीकडे एबीसी लावायचा, हा विक्रेत्याचा सल्ला आम्ही डोळे मिटून घेतला होता. अर्थात पाण्याचा बाटला पॅनलच्या बाजूला फिरकू द्यायचा नाही. तो लांब, मागच्या भिंतीलाच आहे.

पावडरचं नुकसानही सांगायला हवं. शेजारची तयार पेट्यांची थप्पी वाया गेली, स्लिटरचे बेअरिंग आणि मोटर उघडून साफ करावी लागली. ती पावडर ओल धरते आणि मग धातू खाते, म्हणून दोन दिवसांत साफ केली ते बरं. त्या दिवशी दुसऱ्या एकाने घाईत आणखी एक बाटला सेकंदभरच दाबला होता आणि परत हुकाला लावला. दुसऱ्या दिवशी त्याचा गेज लाल. व्हॉल्व्हच्या सीटवर पावडरचे कण अडकले की तो नीट बंद होत नाही आणि दाब हळूहळू निघून जातो. थोडासाच वापरलेला बाटला असं काही नसतं. तो भरायलाच जातो.

ट्रेनिंगसाठी एक जुगाड आम्हाला फार फळला. रिफिलला जायचे बाटले एजन्सीवाला तिकडे नेऊन रिकामे करतोच, तर ते आमच्याच अंगणात का नको? अर्ध्या कापलेल्या पिंपात थोडं डिझेल पेटवून एजन्सीच्या माणसासमोर सहा-सात जणांनी मारून बघितले. आम्ही हे १४ एप्रिलच्या सुमारास करतो. १९४४ साली त्याच दिवशी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला आणि त्यात अग्निशमन दलाचे कितीतरी जवान गेले. देशभर अग्निशमन सप्ताह त्यासाठीच. पहिल्या वर्षी दुपारी केलं, खारा वारा सुटलेला, आणि पॅकिंगच्या ताई वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. सगळी पावडर अंगावर. ‘पाठीला वारा’ हे आता तिथे कुणाला शिकवावं लागत नाही. सीओटू दाबताना हॉर्नला हात लावायचा नाही, हेही तिथेच कळलं. तो क्षणात बर्फाळतो आणि कातडी धरतो. बंद खोलीत मारला की लगेच बाहेर यायचं, हवेची जागा तो घेतो.

कागदपत्रांचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून घेतलेला फॉर्म ‘बी’, म्हणजे आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. एजन्सी येते, बघते, देते. ते हवंच. पण जुलैचा फॉर्म हातात असताना ऑगस्टमध्ये कुंभारमाशी घर बांधते, त्याला फॉर्म काय करणार. सीओटूची हायड्रॉलिक टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने बाटला तपासणं, पाच वर्षांनी, ती तारीख मी आत्ताच भिंतीवर रंगवून ठेवलीय, कारण तेव्हा मी इथे असेनच असं नाही.

खर्च: वजन करण्याचा शून्य, स्पोकचा शून्य, रंगाचा थोडा. फेरीला आता दहा मिनिटं नाही, सव्वा तास लागतो. सीझनमध्ये तो काढणं जड जातं आणि मी दोन हप्त्यांत विभागते.

या महिन्यात सात नंबरचा सीओटू काट्यावर ४६० ग्रॅम कमी दाखवतोय. हाच तो कॉम्प्रेसरजवळचा, म्हणजे त्याचा व्हॉल्व्हच सदोष असणार. यावेळी नुसता भरून नको, व्हॉल्व्ह बदलून हवा, असं चलनावर ठळक लिहून पाठवलाय. पर्याय म्हणून ऑफिसातला तिकडे नेला आणि ऑफिसच्या रिकाम्या हुकाला ‘बाटला भरायला गेला आहे’ अशी चिठ्ठी लावली. आज सकाळी त्या हुकाला कुणीतरी छत्री अडकवली होती.