पार्कवरचा ‘महासामना’: पाचशेचं तिकीट आणि खुर्चीत बसलेला हिरो

पाचपैकी दोन तारे. त्यातला एक मंगळवेढ्याच्या पोराचा आहे, आयोजकांनी तो आपल्या खात्यात धरू नये.

परवाच्या रविवारी इंदिरा गांधी स्टेडियमवर, म्हणजे आपल्या पार्कवर, क्रिकेटचा प्रदर्शनीय सामना होता. एकीकडे जिल्ह्यातली पोरं, दुसरीकडे बाहेरून आणलेले पाहुणे, आणि पाहुण्यांत ‘तो’. नाव लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे, आणि त्या आठवड्यात सोलापुरात ते माहीत नसलेलं कुणी नव्हतंच. सात रस्त्यापासून पार्क चौकापर्यंत खांबाखांबावर त्याचा पुलचा फटका मारतानाचा फोटो लटकत होता. भाच्याने जेवण सोडायची धमकी दिली, म्हणून दोन तिकिटं काढली. हजार रुपये.

व्यवस्थेचं आधी उरकते. दोन गेटपैकी एकच उघडं, पाऊण तास उन्हात. घरून नेलेली पाण्याची बाटली गेटवर काढून घेतली आणि आत वीसची बाटली चाळीसला विकली. सिमेंटच्या पायऱ्यांवर बोटभर धूळ. शेजारच्या आजोबांनी घडी घालून चादर आणली होती. त्यांनी ती अंथरली आणि म्हणाले, “बसा की ताई, सोलापुरात राहून चादरीला कमी काय?” भजी गरम होती. शौचालयाबद्दल लिहीत नाही, काही जण जेवता जेवता वाचत असतील.

आता मुद्द्याचं. मी एकतीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवली, खो-खोचे संघ घडवले. त्यामुळे खेळाडू मैदानात आला की मी तोंडाकडे बघत नाही, पायाकडे बघते. दीडच्या सुमाराला तो आला, सगळं पार्क उभं राहिलं. बाकीच्यांच्या पायात स्पाइक्स, याच्या पायात फिरायला जायचे पांढरे बूट. बाकीचे पळायला लागले, हा मंडपात. मंडपाच्या पायऱ्या उतरताना डावा पाय आधी खाली, मग उजवा त्याच्या शेजारी आणून ठेवायचा, मग पुढची पायरी. लहान पोर जिना उतरतं तसं. ट्रॅक पँटमधून डाव्या मांडीवरच्या पट्टीचा फुगवटा दिसत होता. मी भाच्याला म्हटलं, “हा आज खेळत नाही.”

“मावशी, गप गं. तुला क्रिकेटमधलं काय कळतंय?”

क्रिकेटमधलं कळत नसेल, मांडीतलं कळतं. मांडीमागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, ओढली गेली की माणूस चालतो, हसतो, हात हलवतो, फोटोसुद्धा काढून देतो. पळायला गेला की मागून कुणी दगड मारल्यासारखा थांबतो. मी स्वतः एकदा भरलेल्या पोटरीवर फायनल खेळले होते, का तर प्रमुख पाहुणे आले होते आणि सर म्हणाले, नावाला तरी उभी राहा. पुढचे चार महिने मी भिंत धरून न्हाणीत जात होते. म्हणून तो खुर्चीत बसला याबद्दल माझी त्याच्यावर काडीची तक्रार नाही.

पण निवेदक! टॉस झाला, संघ वाचून दाखवले, त्यात त्याचं नाव नाही, आणि हा माणूस माइकवर सांगतोय, “थोड्याच वेळात आपला लाडका…” पाहुण्यांची फिल्डिंग झाली, थोडा वेळ संपला नाही. त्यांची बॅटिंग आली. एक विकेट पडली की सगळे मंडपाकडे बघायचे. दुसरी पडली, तिसरी पडली. चौथीला भलताच कुणीतरी हेल्मेट चढवत निघाला आणि मागच्या बाजूने सुरू झालं, “पैसे परत! पैसे परत!” चाळीस रुपयांच्या बाटल्या सीमारेषेच्या आत पडायला लागल्या. एक खुर्ची गेली. आयोजकांनी यावर उपाय काय केला, तर देशभक्तीची गाणी लावली. मोठ्यांदा.

शिव्या मात्र आयोजकांना नव्हत्या, त्याला होत्या. “नाटक करतोय बे,” “पैसा आला की माज येतो,” आणि आईबहिणीचं पुढचं. माझ्या शेजारचा शर्टिंग-सूटिंगवाला चांगला सभ्य माणूस, तोही उभा राहून ओरडत होता. मी खांद्याला हात लावून म्हटलं, अहो, त्याचा पाय बघा. तो म्हणाला, “बाई, पाय बघायला पाचशे दिलेत का?” त्याचंही खरंच होतं.

या गोंगाटात मंगळवेढ्याचा तो पोरगा बॉलिंग करत होता. डावखुरा, स्पिनर, सतरा-अठराचा असेल, पँट घोट्याच्या वर. पहिला बॉल असा उंच दिला की बॅट्समन पुढे येऊन मागे गेला. दुसरा तसाच, थोडा हळू. तिसरा तसाच वाटला, पण सरळ आत आला आणि मधली यष्टी मागे झुकली. पडली नाही, नुसती झुकली. टाळ्या वाजवणारे आम्ही तिघं: मी, चादरवाले आजोबा आणि त्या पोराचे असावेत असे खाली धोतरातले एक गृहस्थ. भाचा तोंड फुगवून बसला होता. जानेवारी २०२४ मध्ये याच पार्कवर महाराष्ट्र-मणिपूर रणजी सामना झाला तेव्हा मी त्याला चल म्हटलं होतं, तर “त्यात कोण आहे?” म्हणाला होता. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे भारताकडून खेळली, तिचंही नाव याला मीच सांगितलं. असो, तो वेगळा राग आहे.

बाहेर पडताना गेटवर माझा एक जुना विद्यार्थी भेटला, गळ्यात स्वयंसेवकाचं कार्ड. आधी वाकून नमस्कार केला, मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “बाई, खरं सांगू? काल रात्रीच कळलं होतं. त्याने स्वतः फोन करून सांगितलं, येतो पण खेळणार नाही. पण तिकिटं बरीच शिल्लक होती.”

एक तारा तिथे गेला. खरं तर दोन.

आमच्या गावच्या जत्रेत कुस्त्यांचा फड असतो. शेवटच्या कुस्तीचा पैलवान आला नाही, तर पंच आधी हलगी थांबवतात आणि आखाड्याच्या मध्ये उभं राहून सांगतात, अमुक पैलवान आलेले नाहीत, इनाम दुसऱ्या जोडीला लावतोय. लोक कुरकुरतात, चार जण उठून जातात, बाकीचे बसतात. हलगीवाल्याला जमतं ते स्पीकरवाल्याला जमलं नाही.

आमच्या मेव्हण्यांनी घरी शेरा मारला, “सोलापूरची पब्लिकच अशी.” मुळीच नाही. ४ फेब्रुवारी २०२४ ला हाँगकाँगमध्ये फुटबॉलवाला मेस्सी त्याच्या इंटर मायामी क्लबबरोबर गेला होता. जवळपास चाळीस हजार लोक, आणि हा नव्वद मिनिटं बाकावर. संघ ४-१ जिंकला, त्याचं कुणाला काय? तिथेही “पैसे परत”च्याच घोषणा, क्लबचा सहमालक बेकहॅम बोलायला उभा राहिला तर त्याची हुर्यो. दुखापत आहे म्हणाले, आणि तीन दिवसांनी टोकियोत मेस्सी अर्धा तास खेळला, तेव्हा तर लोक आणखी पेटले. माझं मत विचाराल तर तीन दिवसांत स्नायू अर्ध्या तासापुरता सैल होऊ शकतो, पण हे चिडलेल्या माणसाला सांगून बघा. पुढे चीनमधले मेस्सीच्या अर्जेंटिनाचे सामने रद्द झाले. आयोजकांनी शेवटी तिकिटाचे निम्मे पैसे परत द्यायचं कबूल केलं. त्याच्या आधी, २६ जुलै २०१९ ला दक्षिण कोरियात सोलमध्ये दुसरा फुटबॉलवाला, रोनाल्डो, असाच बसून राहिला. किमान पंचेचाळीस मिनिटं खेळेल असं करारात होतं म्हणे. लोकांनी त्याला चिडवायला “मेस्सी, मेस्सी” सुरू केलं! प्रेक्षक कोर्टात गेले आणि कोर्टाने भरपाई आयोजकांकडून द्यायला लावली, रोनाल्डोकडून नाही. हा तपशील मी मेव्हण्यांना दोनदा ऐकवला.

आमच्या तिकिटावर अर्धा भाग त्याचा फोटो. मागे, चष्मा लावूनही भिंग लागेल अशा अक्षरात, ‘खेळाडूंच्या यादीत बदल करण्याचा अधिकार आयोजकांकडे राखीव’. फोटो एवढा मोठा छापता, तर हे वाक्य निदान मुंगीपेक्षा मोठं छापा.

सोमवारी तिकीट घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. एक मुलगा मोबाइलवर बोलत होता, त्याने हातानेच बसा म्हणून खुणावलं. वीस मिनिटांनी म्हणाला, “मॅडम, तो आला तर होता ना? तुम्ही बघितलं ना त्याला?” मी म्हटलं, बघितलं, पण पाटीवर ‘सामना’ लिहिलं होतं, ‘दर्शन’ नाही. दर्शनाला आम्ही सिद्धेश्वराला जातो आणि तिथे पाचशे रुपये लागत नाहीत. तो हसला, वहीत नाव लिहून घेतलं आणि शुक्रवारी या म्हणाला.

शुक्रवारी जाणार आहे. जुळे सोलापुरातून रिक्षाचे जाऊन-येऊन दीडशे होतात, ते दोन्ही फेऱ्यांचे धरून मागणार आहे.