कार्बन-१३ ची पेटी की नायट्रोजन-१५ चं पाणी?

अ‍ॅराबिडॉप्सिसचं रोप (प्रयोगशाळांत नेहमी वापरली जाणारी छोटी वनस्पती) बीपासून कापणीपर्यंत पूर्ण लेबल करायचं, म्हणजे त्यातले साधे अणू त्याच मूलद्रव्याच्या जड अणूंनी बदलायचे, तर मुख्य वाटा दोन: हवाबंद पेटीत कार्बन-१३ चा कार्बन डायऑक्साइड, नाहीतर हायड्रोपोनिक्समध्ये (मातीशिवाय, पोषक पाण्यात) नायट्रोजन-१५ चं नायट्रेट. साखरा, सेंद्रिय आम्लं, फिनॉलिक्स यांचा माग काढायचा असेल तर कार्बनच हवा. या रेणूंत नायट्रोजन नसतोच. विषय प्रथिनांचा किंवा अमिनो आम्लांचा असेल तर मात्र निवड खरी आहे.

खर्चाचा अंदाज सोपा आहे. १ ग्रॅम कोरड्या रोपात साधारण ०.४ ग्रॅम कार्बन. बायकार्बोनेटवर आम्ल टाकून वायू काढत असाल, तर गळती शून्य धरूनही सुमारे २.८ ग्रॅम लेबल्ड सोडियम बायकार्बोनेट जातं. त्याच रोपाचा नायट्रोजन सुमारे ०.३ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेटमध्ये भागतो.

पेटीवरून माझं मन उडालं ते इन्फ्रारेड मीटरमुळे. कार्बन-१३ असलेल्या रेणूचा शोषणपट्टा थोडा सरकलेला असतो आणि मीटरचा फिल्टर साध्या वायूसाठी बसवलेला. त्यामुळे पडद्यावर ४०० पीपीएम दिसतं तेव्हा आत त्याहून बरंच जास्त असतं, आणि स्वयंचलित झडप महागडा वायू ओततच राहते. लेबल्ड वायूने मीटर जुळवून घेता येतो, पण दार एकदा उघडलं किंवा सील जरा सैल झालं की बाहेरची हवा मिसळते, दोन्ही कार्बनचं प्रमाण बदलतं आणि तो आकडाही भरवशाचा राहत नाही. शिवाय बंद हवेत इथिलीन (रोपांनीच सोडलेला, त्यांच्या वाढीवर परिणाम करणारा वायू) साचतं. त्यासाठी पोटॅशियम परमँगनेटचा फिल्टर लावावा लागतो.

आणखी एक हिशेब पाहा. ९८ टक्के लेबल असताना (म्हणजे शंभरातले ९८ अणू जड) २० नायट्रोजनच्या पेप्टाइडचे (प्रथिनाच्या छोट्या तुकड्याचे) सुमारे ६७ टक्के रेणू पूर्ण लेबल झालेले असतात. त्याच पेप्टाइडमध्ये ८० कार्बन असतील, तर कार्बनच्या लेबलने जेमतेम २० टक्के. बाकीचे आजूबाजूच्या शिखरांत विखुरतात आणि मास स्पेक्ट्रममध्ये (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखात) संकेत पातळ होतो.

पाण्याच्या वाटेवरही खड्डे आहेत, पण ते दिसतात. नायट्रेट शोषलं जातं तसा पीएच चढतो, तो ५.८ च्या आसपास धरावा. डबा काळ्या प्लास्टिकने झाका, नाहीतर शेवाळ तुमचं नायट्रेट खातं. कॅल्शियम नायट्रेटऐवजी कॅल्शियम क्लोराइड वापरलं की लेबल्ड मीठ एकच घ्यावं लागतं. मॉलिब्डेनम सोडियम मॉलिब्डेटमधून द्या; अमोनियम मॉलिब्डेटमधून साधा नायट्रोजन आत शिरतो. गव्हासारख्या मोठ्या बियांत स्वतःचा साठा भरपूर असतो, म्हणून रोप उभं राहिलं की दाणा काढून टाकावा.

प्रश्न प्रथिनांचा असेल तर माझा कल पाण्याकडेच आहे. कार्बनच हवा असेल आणि नमुने मोजकेच लागणार असतील, तर पेटी बांधण्याआधी नेदरलँड्समधल्या वॅगेनिंगेनच्या आयसोलाइफसारख्या कंपनीकडून तयार लेबल्ड वनस्पतीची किंमत मागवून पाहावी.